गोव्याच्या नाटकातला पाऊस कुठून येतो?

गोव्यातल्या कुठल्याही एकांकिका स्पर्धेला ओळीने दोन दिवस बसून पाहा. रंगमंचावर रात्र झाली की रातकिडे किरकिरू लागतात. तुकडा वीसेक सेकंदांचा असतो. संपला की पुन्हा पहिल्यापासून वाजतो, आणि प्रत्येक फेरीत ठरलेल्या जागी एक पक्षी ओरडतो. तो पक्षी सत्तरी तालुक्याच्या रानात कोणी ऐकलेला नसतो. पहिल्या एकांकिकेत तो खटकत नाही. तिसऱ्या कॉलेजच्या एकांकिकेतही तोच पक्षी त्याच जागी ओरडला की मागच्या रांगेतली पोरे हसतात, आणि नेमका तो प्रसंग कोणाच्या तरी मरणाचा असतो. पावसाचे तसेच, लाटांचे तसेच. भावनेची वेळ आली की कुठल्याशा गाजलेल्या सिनेमाचे व्हायोलिन येते आणि निम्म्या प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर समोरच्या नटाऐवजी तो सिनेमा उभा राहतो. शेवटी पार्श्वसंगीताचे बक्षीस जाहीर होते. ते बऱ्याचदा ज्याने सर्वांत भारदस्त संगीत उचलले त्यालाच मिळते.

यात पोरांना दोष देऊन उपयोग नाही. नेपथ्याला सुतार मिळतो, प्रकाशयोजनेला भाड्याने का होईना एखादा जाणता माणूस मिळतो. आवाजाचे काम मात्र ज्याला भूमिका मिळाली नाही आणि ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याच्या गळ्यात पडते, तेही तालमी संपत आल्यावर. कॉलेजांतून आता पॉडकास्टही प्रकल्प म्हणून करायला सांगतात. तिथे तर आवाजाशिवाय दुसरे काहीच नसते, तरी आवाज मिळवायचा कसा आणि घ्यायचा कसा हे क्वचितच कोणी शिकवतो. माझे म्हणणे असे की हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या परीने सोडवायचा नाही. स्पर्धा भरवणाऱ्यांनी नियम बदलावा, आणि राज्याने गोव्याच्या आवाजांचा एक खुला सार्वजनिक साठा उभारावा, जो हेच विद्यार्थी दर वर्षी भरत जातील.

आधी कायद्याचे बोलू, कारण भीती आणि बेफिकिरी दोन्ही तिथूनच येतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने विद्यार्थ्यांना बऱ्यापैकी मोकळीक दिली आहे. कलम ५२ प्रमाणे शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेला प्रयोग हक्कभंग ठरत नाही. ध्वनिमुद्रण वाजवायचे असेल तर मात्र प्रेक्षक संस्थेतले, पालक आणि संबंधित मंडळी एवढेच हवेत. हौशी मंडळाने बिनतिकीट प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगालाही सवलत आहे. म्हणजे कॉलेजच्या हॉलमध्ये जे चालून गेले ते रवींद्र भवनात तिकीट लावून केले की चालेलच असे नाही. आणि त्याच प्रयोगाचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की प्रकरण वेगळे होते. यूट्यूबची यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवते; तिला कलम ५२ वाचता येत नाही. ती नायिकेच्या स्वगतासकट आवाज बंद करून टाकू शकते. पॉडकास्टला तर हॉलच नाही, पहिल्या भागापासून तो जगासमोर. गोव्यात हा वाद लग्नाच्या मांडवापर्यंत जाऊन आला आहे: लग्नात गाणी वाजवायला हक्कधारकांची परवानगी लागत नाही असे सांगणारे सरकारी परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ साली रद्द केले. सरकारचाच गोंधळ उडतो तिथे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने काय करावे?

जुने ते सगळे मोकळे, असाही एक समज आहे. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांचे निधन १९४२चे. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांवरचा ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांचा, म्हणजे तो केव्हाच संपला. पण पदाचे शब्द आणि चाल यांचा हिशेब निराळा. तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. शिवाय तीच तबकडी कोणी साफसूफ करून आपल्या नावाने चढवली असेल तर दावा ठोकला जातोच. संगीत नाटकाच्या या प्रदेशात एखाद्या एकांकिकेत जुन्या नाट्यपदाच्या दोन ओळी वाजवायच्या तर इतका विचार करावा लागतो. तो करायला शिकवणे हा नाट्यशिक्षणाचाच भाग आहे.

इंटरनेटवर कायदेशीर आणि फुकट आवाज मिळत नाहीत असे नाही. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातून २००५ साली सुरू झालेल्या फ्रीसाउंडवर लाखो तुकडे आहेत. काही कोणत्याही अटीशिवाय, काही नाव देण्याच्या अटीवर, काही केवळ बिगरव्यावसायिक वापरासाठी. बीबीसीने २०१८ साली १६ हजारांहून अधिक ध्वनिपरिणाम खुले केले, तेही शिक्षण, संशोधन आणि वैयक्तिक वापरापुरते. पॉडकास्टला जाहिरात मिळाली की ते बाद. पक्ष्यांसाठी झेनो-कँटो आहे, तिथे प्रत्येक आवाजासोबत जागा आणि तारीख लिहिलेली असते, म्हणून पावशा हवा तर पावशाच मिळतो. ही भांडारे उत्तम आहेत आणि ती वापरावीत. दार वाजणे, काच फुटणे, टेलिफोनची घंटा यांसाठी कोणी वणवण करू नये. पण ज्या आवाजाने जागा कळते तो आवाज परक्या भांडारातून आणला की नाटक अधांतरी लटकते. आपण लेखकाला विचारतो, तुझ्या पात्रांची बोली कुठली? पावसाला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

विचारायला हवा, कारण पाऊस घेताना पहिला धडा तोच मिळतो. विद्यार्थी मोबाइल खिडकीबाहेर धरतो आणि घरात येऊन ऐकतो तर नुसती चरचर, कढईत भजी तळल्यासारखी. थेंबाला हवेतून पडताना स्वतःचा असा आवाज जवळपास नसतो. तो ज्यावर पडतो ते आपल्याला ऐकू येते. पाण्यावर पडला तर आत कोंडल्या गेलेल्या हवेच्या बुडबुड्याचा टपकन आवाज होतो. मंगलोरी कौलांवरचा पाऊस, मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपटाच्या, जस्ती पत्र्यावरचा पाऊस आणि फ्लॅटच्या बाल्कनीवर चढवलेल्या पॉलिकार्बोनेटवरचा पाऊस, हे तीन निरनिराळ्या ऐपतीच्या घरांचे पाऊस आहेत. आळवाच्या पानावर तो थपथपतो, माडाच्या चुडतांवर सळसळतो. पाऊस ओसरल्यावर पागोळ्या चिऱ्याच्या पायरीवर एकेक करत पडत राहतात, त्यांतले अंतर वाढत जाते, मध्येच एखादा बेडूक सूर लावतो. नाटकात भांडण संपून दोन माणसे गप्प बसली आहेत, अशा वेळी हा पाऊस थांबल्यानंतरचा अर्धा तास दिग्दर्शकाला लाखमोलाचा वाटेल. तो आयत्या तुकड्यात मिळत नाही, कारण आयता तुकडा कधी थांबतच नाही.

मग तो घ्यायचा कसा? महागडे यंत्र नसले तरी चालते, पण मोबाइलचे नेहमीचे रेकॉर्डिंग अॅप दगा देते. आवाज वाढला की ते आपणहून पातळी खाली ओढते आणि उतरला की वर नेते. म्हणून गडगडाट झाल्यावर पाऊस क्षणभर नाहीसा होऊन परत येतो. पातळी हाताने ठरवता येते असे अॅप घ्यावे, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे, एमपीथ्रीऐवजी वेव्ह फाइल ठेवावी. माइकवर स्पंजची टोपी नसेल तर मिरामारच्या किनाऱ्यावर जाऊच नये, लाटांऐवजी वाऱ्याची घरघरच घरी येईल. तीन-चार मिनिटे सलग घ्यावे म्हणजे वीस सेकंदांची फेरी लावायची वेळ येत नाही. आणि ज्या खोलीत संवाद मुद्रित केले त्या खोलीची मिनिटभर रिकामी शांतता वेगळी घेऊन ठेवावी. दोन तुकडे जोडताना तीच उपयोगी पडते. कापाकापीला ऑडॅसिटी पुरते, ते फुकट आहे. रंगमंचावर आणखी एक गोष्ट: दाराबाहेरची फेरीबोट हॉलच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून आली तर ती प्रेक्षकांच्या डोक्यावरून जाते. एक छोटा स्पीकर त्या दारामागे ठेवला की फेरीबोट दाराबाहेर जाते. जुन्या मंडळींनी विंगेत पत्रा हलवून वीज पाडली तेव्हा त्यांना हे न सांगता समजत होते.

पॉडकास्टमध्ये आणखी एक दुखणे आहे, आणि मला ते पावसापेक्षा मोठे वाटते. गोव्यातला मुलगा माइकसमोर बसला की पुण्याचा होतो. घरी कोंकणी, शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि देवळाच्या उत्सवी नाटकात मराठी, वर्तमानपत्र मराठी, मित्रांत दोन्हींची सरमिसळ, असा ज्याचा दिवस जातो त्याच्या मराठीला एक हेल असतो, काही शब्द असतात. ते सगळे माइकसमोर बसताना तो चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो. प्रमाण मराठीला माझा विरोध नाही. बातमीपत्र वाचायचे असेल तर ती हवीच. पण फोंड्याच्या तरुणाने फोंड्याच्या बाजारावर केलेला कार्यक्रम सदाशिव पेठेतून आल्यासारखा वाटला तर तो ऐकायचा कशासाठी? पणजीला नभोवाणी १९४६ पासून आहे, आधी एमिसोरा द गोवा आणि मुक्तीनंतर आकाशवाणी. श्रुतिकांवर, म्हणजे रेडिओवरच्या नाटकांवर, वाढलेली एक पिढी अजून गावागावांत आहे. श्रुतिकेत पात्र वयाने, जातीने, गावाने कोण आहे ते नुसत्या आवाजावरून कळावे लागे. पॉडकास्ट करणाऱ्याने या लोकांपाशी जाऊन बसावे.

बोलणे मुद्रित करण्याची युक्तीही आपल्या उच्चारांतूनच शोधावी लागते. मराठीत भ, फ, ध, ख यांची रेलचेल. ‘भाऊ’, ‘फणस’ म्हटले की तोंडातून निघालेला हवेचा झोत माइकवर आदळतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात धप्प होते. माइक तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याकडे, वीतभर अंतरावर धरला की निम्मे काम होते. राहिलेले निम्मे खोलीचे. नव्या फ्लॅटच्या टाइल्स आणि उघड्या भिंती आवाज परतवतात; टाळी वाजवून पाहिली की कळते. कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याकडे तोंड करावे किंवा डोक्यावरून गोधडी घ्यावी. मे महिन्यात पंखा बंद करून गोधडीत बसणे ही कलेची सेवाच म्हणायची, पण स्टुडिओचे भाडे परवडत नाही त्याला दुसरा मार्ग नाही.

आता साठा कशासाठी, प्रत्येकाने आपापले आवाज घेतले तर पुरे नाही का? पुरत नाही, कारण काही आवाज हवे असतील तेव्हा उरलेले नसतात. २०१२ साली गोव्यातले खाणकाम थांबले. मध्ये काही काळ सुरू झाले, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लीज रद्द केल्यावर पुन्हा बंद पडले, आता थोडेथोडे चालू होते आहे. २०१२च्या आधी मांडवी-जुवारी नद्यांतून मुरगाव बंदराकडे खनिज नेणाऱ्या बार्जांची रात्रंदिवस घरघर आणि खाणपट्ट्यातल्या गावांमधून जाणाऱ्या टिप्पर ट्रकांची रांग हा लाखो लोकांचा रोजचा आवाज होता. आज वीस वर्षांचा असलेला विद्यार्थी २०१२मध्ये पहिली-दुसरीत असेल. त्याला खाणीवर एकांकिका बसवायची झाली तर तो आवाज कुठून आणेल? कोणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओत चुकून शिरला असेल तेवढाच. रायबंदर-चोडण मार्गावर २०२५ साली रो-रो, म्हणजे वाहने थेट चढतात-उतरतात अशी नवी, फेरी आली. जुन्या फेरीबोटीचा लोखंडी पाट धक्क्याच्या सिमेंटवर घासतो तो कर्कश आवाज इतर मार्गांवर अजून मिळतो, तोवर घेऊन ठेवायला हवा. घुमट या मातीच्या, चामड्याने मढवलेल्या वाद्याला २०१९ साली राज्याने वारसा वाद्य ठरवले. पूर्वी ते घोरपडीच्या चामड्याने मढवत. वन्यजीव कायद्याने ते बंद झाले, जे योग्यच झाले, आणि आता बकरीचे चामडे वापरतात. चामडे बदलले की नाद बदलतो, हे आरतीला बसणारा कोणीही सांगेल. पन्नास वर्षांपूर्वीची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, रंगमंचावर उभी करायची तर कोणते घुमट वाजवायचे? याचे उत्तर साठ्यातच सापडू शकते.

केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच तबकडीवर पाऊस, लाटा, रातकिडे, बेडूक, पावले आणि आगगाडी यांचेही आवाज आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही. निवडणाऱ्यांना केसरबाईंच्या शेजारी पाऊस ठेवायला कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे मात्र गाण्याचे ध्वनिमुद्रण म्हणजे संस्कृती आणि बाजाराचे ध्वनिमुद्रण म्हणजे गोंगाट, अशी विभागणी पक्की आहे.

नाटकवाल्यांचा एक आक्षेप मला ठाऊक आहे: रंगभूमी म्हणजे वास्तवाची नक्कल नव्हे, खऱ्या पागोळ्यांचा हट्ट कशाला, करवंटीवर करवंटी आपटूनही घोडा येतो. मान्य आहे. करवंटीचा घोडा मला परक्या भांडारातल्या घोड्यापेक्षा जास्त आवडतो, कारण तो कोणीतरी ऐकून, हाताने केलेला असतो. वास्तवाचा आग्रह माझा नाहीच. निवड केलेली असावी एवढेच मागणे आहे. दुसरा धोका उलट बाजूचा आहे आणि तो मला जास्त छळतो. ‘गोव्याचा आवाज’ म्हटले की पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा, चर्चची घंटा, देवळातला चौघडा आणि लाटा, असा पर्यटन खात्याचा संच तयार होतो. त्यात कॅसिनोच्या बोटींचे जनरेटर हवेत, अटल सेतूवरून जाणारी वाहने हवीत, मोपाला उतरणारे विमान पेडण्याच्या घरातून कसे ऐकू येते ते हवे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली कन्नड आणि हिंदी घासाघीस हवी. जे कानाला गोड नाही ते नोंदवायचे नाही असे ठरवले तर साठा न केलेला बरा.

माणसांचा आवाज घेताना मात्र विचारून घ्यावा. लोकगीत कोणाच्या मालकीचे नसले तरी गाणाऱ्याचा हक्क असतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ने सादरकर्त्याला ५० वर्षांचा हक्क दिला आहे, आणि सादरकर्त्यांच्या व्याख्येत नट, गायक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू आणि गारुडीही मोजलेले आहेत. जागर गाणारा, रणमाल्यात सोंग घेणारा, दशावतारातला संकासुर या सगळ्या लोककलावंतांना तो लागू होतो. देवळातल्या काही विधींचे मुद्रण गावाला नको असते. तिथे माइक पिशवीतच ठेवावा. मासळी विकणाऱ्या बाईची हाक घेतली तर तिला ती ऐकवावी आणि कशासाठी हवी ते सांगावे. विद्यार्थ्यांना हे अवघड जात नाही. आधी कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

राहिला प्रश्न करायचे कोणी. कला अकादमी १९७० पासून आहे, तिच्या नाट्यस्पर्धा अ आणि ब गटांत गावोगावच्या मंडळांपर्यंत पोचतात. तिने आणि महाविद्यालयीन स्पर्धा भरवणाऱ्यांनी प्रवेशिकेला एक कागद जोडावा: प्रयोगात वाजणारा प्रत्येक आवाज कुठून घेतला, कोणत्या परवान्याने, आणि कोणता स्वतः मुद्रित केला. पार्श्वसंगीताच्या गुणांतले काही गुण या कागदाला असावेत, आणि निदान तीन आवाज स्वतः घेतलेले असावेत. डोंगरपायथ्याच्या मंडळाला हे जड जाईल म्हणाल, तर मोबाइल तिथेही आहे आणि ऐकण्याजोगे आवाज शहरापेक्षा तिथे जास्त आहेत. हे स्वतः घेतलेले आवाज पुढे साठ्यात जमा व्हावेत, नाव दिले की कोणालाही, अगदी पॉडकास्टच्या जाहिरातीतही, वापरता येतील अशा खुल्या परवान्याने. साठा अकादमीपेक्षा कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाने सांभाळावा असे मला वाटते. ते १८३२ पासूनचे आहे आणि नोंदी करणे हा त्याचा मूळ धंदा आहे. जागा, तारीख, वेळ, यंत्र, कोणाची परवानगी आणि पाऊस असेल तर कशावर पडतो आहे, इतके लिहिलेले नसेल तर ती फाइल घेऊ नये. नोंद नसलेले हजार आवाज पडून राहतात, कोणी उघडतही नाही.

फायली ठेवायला आज फारसा खर्च येत नाही. खर्च आहे तो त्या ऐकून, तपासून, नोंदी दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्या माणसाच्या पगाराचा. ते पद कंत्राटी न ठेवता कायमचे भरले जाईपर्यंत साठ्याच्या उद्घाटनाची पत्रिका छापू नये.